तात्याबाच्या खिशातला वरचा रुपया

तात्याबाचा हिशेब इतका पक्का, की कळपातली मेंढरंसुद्धा त्याच्यासमोरून श्वास रोखून जायची. हललो तर पुन्हा मोजायला घेईल, ही धास्ती. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं मेंढरांना विचारावं.

कुंडलच्या पलीकडं बिरोबाच्या जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं. तिथली माइकशेजारची खुर्ची त्याची, मिशी फुटायच्या आधीपासून. कुस्ती रंगली की लोक उभ्या उभ्या इनाम पुकारायचे, जिंकेल त्याचं. आणि बेरीज माइकवर सांगितल्याशिवाय जिंकलेल्या पैलवानानं अंगावरची माती झटकायची नाही, अशी रीत. यंदा मात्र पलटणीतून पेन्शनीवर आलेले सुभेदार उदयसिंह मोबाइल घेऊन शेजारी बसले होते. पंचांनी सांगून टाकलं होतं, शेवटच्या कुस्तीला ज्याची बेरीज चुकेल त्यानं खुर्चीचं नाव काढायचं नाही.

तात्याबा निवांत होता. तो आकडे बेरजेत घालायचाच नाही, पैलवानांसारख्या त्यांच्या जोड्या लावायचा. साडेसातशे आले की ते लंगोट कसून उभे. अडीचशे आले की जोड जमली, झाला हजार. सहाशे चारशेंची वाट बघत बसायचे. राहिला तो वरचा रुपया, कारण नुसते पाचशे कुणी देत नाही, शकुनाचे पाचशे एक देतात. तो जोडीत लुडबुडू नये म्हणून दर रुपयामागं एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. यंदा नेमके चिंचोके सापडेनात. मग त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, भाजलेले शेंगदाणे खिशात ओतले.

शेवटची कुस्ती जयराज पैलवानाची. दोघं असे घुसळले, की आखाड्यात खड्डा पडून खाली पाणी लागलं. ती विहीर अजून दाखवतात. लोक पुकारत राहिले. साडेसातशे एक, पाचशे एक, सहाशे एक. तात्याबाच्या जोड्या लागत गेल्या, शेंगदाणे सरकत गेले. जयराजनं समोरच्याला चितपट केलं आणि मातीनं माखलेला तसाच उभा राहिला.

"सहा हजार," तात्याबा माइकवर म्हणाला, "आन वरचं..." त्यानं डाव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. दाढेत मात्र काहीतरी कुरकुरत होतं.

कुस्तीच्या नादात त्यानं वरचे रुपये खाऊन टाकले होते.

सुभेदार गालात हसले. मोबाइलचा उजेड त्यांच्या मिशीवर पडला होता. जयराजच्या अंगावरची माती वाळायला लागली. तात्याबाला खुर्ची बुडाखालून सरकल्यासारखी वाटली. त्यानं घोटभर पाणी पिऊन उरलासुरला पुरावा गिळला आणि माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"गड्यांनो, वरचा रुपाया कुनी कुनी दिला, त्यानं हात वर करा. पावन्यांना कळू दे, गावात दिलदार मानूस कोन हाय ते."

हात वर झाले. भाऊसोनं आयुष्यात कुणाला विडीसुद्धा दिली नव्हती, पण शेजारी उंब्रजचा व्याही बसलेला. म्हणून भाऊसोचाही हात वर. त्याला बघून आणखी चौघापाचांचे. तात्याबानं सावकाश मोजले.

"सहा हजार अठरा."

सुभेदार उठले. मोबाइल सहा हजार अकरा सांगत होता, आणि मोबाइल कधी खोटं बोलत नाही, असं त्यांनी पंचांना ऐकवलं.

"मग सात मानसं खोटं बोल्ली म्हना की," तात्याबा शांतपणे म्हणाला. "कोन ती, तुमीच नाव घ्या, सुभेदार. ह्यो घ्या माइक."

सुभेदारांनी गर्दीकडं पाहिलं. वर झालेल्या हातांत त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचा हात होता. माइक कुणी घेतला नाही. पुकारलेले पैसे गोळा करायला ताट फिरलं. भाऊसोनं व्याह्याच्या देखत रुपया टाकला, दात काढून घेतल्यासारखं तोंड करून. पंचांनी ताट मोजलं. बरोबर सहा हजार अठरा भरले. जयराजनं माती झटकली.

"आवं तात्याबा, ही बेरीज न्हवं, वसुली हाय," सुभेदार म्हणाले.

"पर चुकली का?"

सुभेदारांना हसू आवरेना. तात्याबानं सरकून त्यांना अर्धी खुर्ची दिली.

घरी येऊन त्यानं हरणाबाईला सगळी हकिकत सांगितली. ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

"खानार व्हता तर आदी सांगायचं," ती म्हणाली. "मीठ लावून दिलं असतं."