बिनक्लचची गाडी

"हात लावू नकोस," म्हणत ताईनं धाकटीचा हात हँडलवरून झटकला आणि स्वतः तीनचाकी मोटारसायकलवर बसली. पुढे दोन चाकं, मागे एक. कलंडायची भीती नाही, म्हणून तर दोघी बहिणी या शोरूममध्ये आल्या होत्या. कंबरेच्या ऑपरेशननंतर ताईला दुचाकी पेलवत नव्हती, आणि धाकटीला ती कधी पेललीच नव्हती. गाडी दोघींत मिळून एकच घ्यायची होती.

"मला क्लचची हवी," ताई म्हणाली.

"सेमी-ऑटोमॅटिक बघा ना मॅडम," सेल्समन म्हणाला. "क्लचच नाही. डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं की गिअर पडला."

"बटण दाबायला ती काय लिफ्ट आहे?"

धाकटीचं डोकं फिरलं. जन्मभर ताईनं मोटारसायकल शिकवायचा क्लास चालवला, पोस्टमनपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना तयार केलं. सख्ख्या बहिणीच्या हातून मात्र क्लच सुटून गाडी बंद पडली, तेव्हा ताई चारचौघांत 'ठोंबी' म्हणून तिला हसली होती. धाकटीनं नाद सोडला तो सोडलाच. आता क्लचची गाडी आली, की मरेपर्यंत हिच्या पाठीमागे बसणं आलं.

"मीही चालवणार आहे," ती म्हणाली.

"तू? आधी सायकल नीट चालव."

"तुझ्या मागे बसण्यात माझा जन्म गेला. आता नाही बसणार. बिनक्लचची घे, नाही तर तुझी तू घे."

"घेईन की! तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

सेल्समननं मुकाट्यानं क्लचची गाडी मागच्या मोकळ्या जागेत काढून दिली.

ताईनं दातओठ खाऊन क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी गचका खाऊन निघाली आणि संथपणे गोल फिरू लागली. थोड्या फेऱ्या झाल्यावर सेल्समननं थांबायची खूण केली. ताई मान ताठ ठेवून त्याच्या समोरून निघून गेली.

"बघा, मिरवतेय कशी!" धाकटी फणकारली.

पुढच्या फेरीला तिचं लक्ष ताईच्या डाव्या हाताकडे गेलं. क्लचवरून बोटं हलली तरी पोरांना पट्टी हाणणारी ही बाई, आणि हिचीच बोटं हँडलवर नुसती टेकलेली. ताईनं ती क्लचपाशी नेली, आवळायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात. क्लच न दाबता थांबायचं, तर गाडी गचके खात बंद पडणार, आणि तेही धाकटीच्या देखत.

धाकटीनं नुसतं 'थांब' म्हणून ओरडायचा अवकाश, सगळ्या वर्षांचं उट्टं निघालं असतं. तोंड उघडलंही होतं तिनं.

"आत चला," ती सेल्समनला म्हणाली.

"पण मॅडम, त्या अजून..."

"चला म्हणते ना! पाणी हवंय मला."

त्याला जवळजवळ ढकलतच तिनं आत नेलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर गाडीनं गचका खाल्ल्याचा आवाज झाला आणि इंजिन गप्प झालं. सेल्समन वळू लागला, तशी ती त्याच्यावर खेकसली, "पाणी!"

बऱ्याच वेळानं ताई आत आली. चेहरा घामानं डबडबला होता, डावा हात ओढणीखाली होता.

"बिनक्लचचीच द्या," ती काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली. "मला क्लच जमत नाही."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग सेल्समनकडे वळली.

"हिच्यापायी घ्यावी लागतेय. नाही तर असलं खेळणं मी दारात उभं केलं नसतं." आणि धाकटीला म्हणाली, "उपकार मान माझे."

"मानते," धाकटी म्हणाली, आणि आपला भरलेला ग्लास तिनं ताईच्या उजव्या हाताशी सरकवला.