पुसट पट्ट्याचा वटवट्या

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. पक्षी धरायची. पण घाबरू नका, माझ्यात अडकलेल्या पक्ष्याला कुणी पिंजऱ्यात घालत नाही. त्याची जात ओळखतात, वजन करतात आणि सोडून देतात. माझा धागा इतका बारीक, की सावलीत मी दिसतही नाही.

आप्पा आणि त्यांची लेक वटवट्यांचा अभ्यास करीत. थंडी पडली की डोंगरांपलीकडून हे मुठीएवढे पक्षी येतात. सगळे हिरवट, सगळे सारखे, आणि एका फांदीवर ठरतील तर शपथ! मी फाटले की लेकीची आई मला रफू करायची. लोक कौतुक मात्र माझेच करीत.

मग आई गेली. आप्पा रडले नाहीत. ओसरीवरच्या खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. जेवा म्हटले की जेवत, झोपा म्हटले की झोपत. मी पिशवीत पडून होते. उंदराने माझा कोपरा कुरतडला, तरी मला काही वाटले नाही.

एका सकाळी लेकीने मला काढले, कोपरा कसाबसा सांधला आणि अंगणात ताणून बांधले. थोड्या वेळाने एक वटवट्या अडकला. तो अलगद सोडवून तिने आप्पांसमोर धरला.

"आप्पा, कोणता हा?"

तिने पक्षी उजेडाकडे फिरवला.

"पंखावर पट्टा नाही. म्हणजे 'हिरवट वटवट्या' ही जात नव्हे. देते सोडून."

"थांब." आप्पांचा आवाज घोगरा झाला होता. "पट्टा झिजतो. केवढ्या लांबून येतो तो! पिसांची टोकं बघितलीस?"

तिने पंख हळूच उघडला. एका पिसाच्या टोकाला फिकट पिवळा ठिपका उरला होता.

"तुम्हीच सोडा," ती म्हणाली.

आप्पांनी त्याला हातात घेतले. "किती धडधडतंय गं." त्यांनी मूठ उघडली. पक्षी झाडावर गेला आणि बारीक आवाजात बोलला, "चिस्-ली."

"हिरवटच! तुझ्या आईला सांग जा..."

आप्पा थांबले. मग त्यांचे खांदे हलू लागले.

लेकीने आधी मला गुंडाळून बंद केले आणि मगच ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, जाळी उघडी टाकून कधी जाऊ नका. अडकलेला जीव पुष्कळदा ओरडत नाही, नुसता लोंबकळत राहतो. अधूनमधून येऊन बघत जा.