भिंतीतलं सागवान

लुंबिनी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. जळकोटला वडिलांसाठी, लिंबाजींसाठी दगडी घर बांधायचं ठरलं, तेव्हा ती मोहियोद्दीन सुताराकडे एक चित्र घेऊन आली. ग्रीसजवळच्या क्रीट बेटावरच्या प्राचीन मिनोअन लोकांच्या घराचं.

"साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, चाचा. दगडाच्या भिंतीत आडवी-उभी लाकडं गुंफायचे. भूकंपात भिंत हलायची, पण सहजी ढासळायची नाही."

लिंबाजींची बहीण किल्लारीच्या भूकंपात भिंतीखाली गेली होती. मोहियोद्दीनला ते ठाऊक होतं. त्यानं महिनाभर सागाची लाकडं तासली, खिळा लागू नये इतके सांधे घट्ट केले. मग त्याला इस्लापूर गावी दुसरं काम निघालं. भिंती चढवायचं त्यानं बसवंत गवंड्यावर सोपवलं. तीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते.

तो परतला तोवर गिलावा झाला होता. "समदी लाकडं बसवली, भाई," बसवंत म्हणाला.

आठ महिन्यांनी लिंबाजींच्या घरात नळाच्या पाइपासाठी भिंत फोडली, तेव्हा मोहियोद्दीन तिथंच होता. लाकूड लागलंच नाही. मोहियोद्दीननं आणखी तीन ठिकाणी छिन्नी चालवली. नुसते दगड.

तो तडक बसवंतच्या घरी गेला. मागं नवी खोली होती, बिनगिलाव्याची. दगडांमधून साग दिसत होता. सांधे त्याच्याच हातचे.

"हे काय हाय, बसवंत?"

"नात झोपती इथं. तूच म्हणलास, अशी भिंत अंगावर पडत न्हाई. मला भ्या वाटलं, भाई."

"आन् तिथं लिंबाजी झोपत राहिला, त्याचं?"

बसवंत खोलीच्या दारात आडवा उभा राहिला.

"मागितली असतीस तर तुला दुसरी तासून दिली असती रे."

आत पोरगी खेळत होती. एक लाकूड ओढलं तरी भिंत खाली आली असती. मोहियोद्दीन तसाच वळला.

लुंबिनीला त्यानं स्वतः फोन केला. सगळं सांगितलं.

"चाचा, तुम्हीपण बघितलं नाही?"

"न्हाई, बेटी. बसवंतनं सांगितलं, म्हणून बघितलं न्हाई."

तिनं वडिलांना नांदेडला नेलं. मोहियोद्दीननं नवी लाकडं तासली, दुसरा गवंडी घेतला, भिंती उतरवल्या आणि प्रत्येक लाकूड स्वतः उभं राहून बसवलं. एक दिवस बसवंत थापी घेऊन आला. "मीबी हात लावतो."

"तू घरी जा," मोहियोद्दीन म्हणाला.

चार महिन्यांनी लिंबाजी परतले. मशिदीच्या वाटेवर बसवंतचं घर लागतं. मोहियोद्दीन आता बाजारातून वळसा घालून जातो.