रणजीतनं काढायची घागर

मी मिराबाईची पितळेची घागर बोलतेय. नवस माणसं बोलतात, पण तो निभावायला कधीकधी आमच्यासारख्या भांड्यांनाही बसावं लागतं. मिराबाई एकदा सेवालाल महाराजांना, म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या सेवाभायाला, एक नवस बोलली होती, आणि त्यापायी मी एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत विहिरीच्या तळाशी बसून राहिले.

मी घडले हिंगोलीत, एका तांबटाच्या हातोडीखाली. मिराबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला दिलं आणि मी तिच्या डोक्यावर बसून वारंगा फाट्याजवळच्या या तांड्यावर आले. रणजीत झाला, तेव्हा जळवा पुजायला, म्हणजे बाळंतीण पाण्याला हळदकुंकू वाहायला जाते ना, तेव्हाही तिच्या डोक्यावर मीच होते. पुढं रांगायला लागल्यावर त्या पोरानं मला ओट्यावरून लोटून दिलं. माझ्या पोटावरचा पहिला पोचा त्याचाच. मिराबाईनं तो कधी काढून घेतला नाही.

पोरगं शिकलं, नौदलात लागलं आणि पाणबुडीवर गेलं. आता आमच्या तांड्यावर समुद्र कुणी पाहिलाय? फार तर इसापूरचं धरण. रणजीत सुट्टीला आला तसं मिराबाईनं त्याला समोर बसवून विचारलं, "पाण्याखाली माणूस जगतंय कसं रं? खरं सांग मला."

रणजीतनं मला उचललं, गुरांच्या हौदाशी नेलं आणि पालथी धरून सरळ पाण्यात दाबलं. "याडी, आता खालून हात घाल. पार बुडापर्यंत. कोरडं लागतंय का न्हाई?"

आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडीनं बांगड्या सारून कोपरापर्यंत हात घातला. "कोरडं हाय की रं!"

"तसंच आमचं. भवताली पाणी, आत कोरडं. तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं."

त्या दिवसापासून मिराबाई मला आतून जास्त घासायला लागली.

बाजाराच्या दिवशी ती फाट्यावर मोहियोद्दीनच्या एसटीडी बूथमध्ये फोनची वाट बघत बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझा रणजीत समुद्राच्या खाली नोकरी करतो." एकदा मोहियोद्दीननं हसत हसत विचारलं, "भाभी, वर जागा न्हवती काय त्याला?"

"वरून तं कुणीबी जातंय, मोहियोद्दीनभाई!"

हा किस्सा तिनं विहिरीवर इतक्यांदा सांगितला, की तो मलाही पाठ झाला.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या आदल्या दिवाळीला रणजीत येऊन गेला. तो निघाला त्या सकाळी मिराबाई पाण्याला आली. डोळे भरलेले, लक्ष फाट्याच्या वाटेकडं. दोराची गाठ नीट बसली नव्हती. मी भरून वर येत होते आणि अर्ध्यातून सुटले. एक मोठा आवाज झाला, मग गार अंधार.

वर शेजारच्या रुख्मिणीबाईचा आवाज आला. "अगं बया! लेकरू निघालं त्याच दिशी भरली घागर बुडाली. लक्षण बरं न्हाई गं मिरा."

कुणीतरी गळ आणायला पळालं. मिराबाई म्हणाली, "थांबा. गळ घालू नका."

"काहून?"

"माझी माय म्हणायची, ज्याचं काम बाकी ऱ्हातं ते माणूस माघारी येतंच. ही घागर रणजीतच काढील. त्याचं येवढं एक काम बाकी राहू द्या." आणि तिथंच विहिरीच्या काठावर तिनं हात जोडले. "सेवाभाया, माझ्या लेकराच्या हातानं हिला वर येऊ दे. हिच्याच पाण्यानं शिरा करून तुला भोग लावीन. तवर हिला दुसरा हात लागू द्यायची न्हाई."

"आन् तवर पाणी काय वंजळीनं भरणार?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"कळशी हाय घरात. आन् बाजारी फोन आला की रणजीतलाबी सांगते."

खरं सांगायचं तर मला आधी वाईट वाटलं. मी डोक्यावर मिरवलेली बाई. इथं सोबतीला बेडूक, आणि दुपारी घडीभर उजेडाचा एक ठिपका. पण रोज सकाळी मिराबाई कळशी घेऊन यायची, वाकायची आणि हळूच विचारायची, "बराबर हाय ना गं?" मग सांगायची, गाय व्याली, तुझ्या बापूचा गुडघा दुखून राहिलाय, हरभरा बरा हाय. आणि शेवटी, "जेवत जा येळेवर." ही चौकशी घागरीची नव्हे, हे मलाही कळत होतं. पण पाण्याखालच्या लेकराला निरोप द्यायला तिला पाण्याखालचंच कुणीतरी लागत होतं. मी ऐकून घ्यायचे.

उन्हाळ्यात हिंगोली जिल्हा झाला, त्याचे पेढे विहिरीवर वाटलेले मी ऐकले. आणि लगेच रेडिओवर लढाईची बातमी आली. लढाई डोंगरात होती, पण सैन्यात सगळ्यांच्याच सुट्ट्या बंद. रणजीतचा फोन थांबला. मिराबाई बाजाराचा दिवस नसला तरी फाट्यावर जाऊन बसायची. मोहियोद्दीन तिला चहा पाजून परत पाठवायचा. विहिरीवर ती यायची, पण बोलेना. काठावर हात टेकून नुसती उभी राहायची. आजवर मला पाण्याचं भय वाटलं नव्हतं. तिच्या गप्प राहण्याचं वाटलं.

इकडं पाणी उतरत चाललं. आधी माझं तोंड उघडं पडलं, मग गळा. तांड्यानं गाळ काढायचं ठरवलं. माणसं फावडी-टोपल्या घेऊन खाली उतरली. मिराबाई तेव्हा फाट्यावर गेली होती. तिचे मालक किसनसिंग काठावरून म्हणाले, "काढा ती घागर. बाईला मी समजावतो."

गाळ काढणाऱ्या देविदासनं माझ्याकडं हात केला. तेवढ्यात वरून आवाज आला, "ए देविदास! हात लावशील तं खबरदार!"

रुख्मिणीबाई होती.

"मामी, तुमीच तं लक्षण बरं न्हाई म्हणल्या व्हत्या!"

"म्हणले व्हते. जीभ हाय, घसरती. तिकडं लढाई चालू हाय अन् तिचं लेकरू पाण्यात हाय. ज्याची घागर त्यानंच काढायची. तू तुझा गाळ काढ."

मग काय, त्यांनी माझ्या भोवतीनं गाळ काढला. मी मधोमध एका मातीच्या उंचवट्यावर, ओट्यावरच्या देवीसारखी उभी. किसनसिंगनी कपाळाला हात लावला. "अख्खी विहीर काढली, एक घागर तेवढी काढता आली न्हाई!" सगळी विहीर हसली.

संध्याकाळी मिराबाई आली. वाकून बघितलं. मी होते तिथंच होते. आणि पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज खाली आला, "बराबर हाय ना गं?"

पाऊस झाला, विहीर भरली, मी पुन्हा बुडाले. लढाई संपल्याचं वरच्या बोलण्यातून कळलं. पण फोन काही आला नव्हता. एके दिवशी बायका पाणी भरत असताना लूनाची फटफट ऐकू आली आणि पाठोपाठ मोहियोद्दीनची हाक. "भाभी! ओ भाभी! रणजीतचा फोन आला व्हता. खैरियत हाय. दिवाळीला येऊन राहिला!"

मिराबाई हातातलं टाकून त्याच्याकडं धावली असावी, कारण कळशी गडगडल्याचा आवाज झाला. "अजून काय म्हणला?"

"म्हणला, घागर जाग्यावर हाय ना?"

दिवाळीला रणजीत आला. ऊन न लागलेल्या देठासारखा पांढुरका झालेला. मिराबाईनं त्याला तालुक्यातल्या साऱ्या पाहुण्यांची खुशाली ऐकवत थेट विहिरीवर आणलं. अख्खा तांडा काठावर जमला होता. आंघोळीची बात निघाली तेव्हा तो म्हणाला, "तिथं आंघोळीला पाणी मोजूनच मिळतं याडी. गोडं पाणी थोडं असतंय."

"येवढ्या समुद्रात ऱ्हाऊन?" मिराबाईनं डोळे मोठे केले.

"म्हंजी आपल्या तांड्यावानीच की!" रुख्मिणीबाई म्हणाली. "आन् ऐक, माझी बादली बी पडलीया आत. आधी ती काढ."

"मावशी, मी पाणबुडीत बसतो. विहिरीत बुड्या मारायचं काम न्हाई माझं."

"मग पगार कशाचा घेतो रं?"

हशा थांबायच्या आत त्यानं उडी टाकली. पहिल्या बुडीत खरोखरच बादली वर गेली. दुसऱ्या बुडीत हाती चिखल लागला. वर मिराबाई सेवाभायाचं नाव पुटपुटायला लागली. तिसऱ्या बुडीत त्याची बोटं चाचपडत माझ्या पोटावर आली, त्या जुन्या पोच्यापाशी थांबली आणि त्यानं मला ओळखलं. त्यानं मला लगेच उचललं नाही. आधी हात आत घातला, पार बुडापर्यंत. मग कडा धरून तो वर निघाला.

मिराबाई रडली नाही, त्याला जवळही घेतलं नाही. म्हणाली, "किती काळी पडली गं माझी बाय!" आणि चिंच-राख घेऊन मला घासायला बसली. घासता घासता टपटप खारं पाणी माझ्यात पडलं. समुद्र खारट असतो म्हणतात. मला भेटला तो एवढाच.

माझ्या पाण्यानं शिरा झाला, भोग लागला, तांडा जेवला. नवस फिटला. पण गोष्ट इथं संपत नाही. रणजीत निघाला त्या सकाळी तो मला घेऊन विहिरीवर आला. सगळ्यांना वाटलं, जाता जाता आईला पाणी भरून देतोय. त्यानं मला काठावरून हळूच सोडून दिलं.

"अरे, पुन्हा?" रुख्मिणीबाई ओरडली.

"काम बाकी ठिवून चाललो, मावशी. पुढच्या सुट्टीत काढतो."

मिराबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

नोकरी पुरी करून तो कायमचा घरी येईपर्यंत दर सुट्टीला असंच झालं. आता माझ्या अंगावर इतके पोचे आहेत, की तो पहिला मलाच सापडत नाही. घरात नळ आला, मला डोक्यावर कुणी घेत नाही. मी दारात बसून असते. सून संगिता एकदा म्हणाली, मोडीत देऊ या का? मिराबाई चिंच-राख घेऊन मला घासायला बसली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

ऐकणाऱ्या माय-बहिणींनो, तुमच्याही घरचं कुणी लांब असेल. पाण्यात, डोंगरात, नाही तर नुसतं शहरात. जाताना त्याला अडवू नका, अपशकुनाला भिऊ नका. फक्त त्याच्या हातचं एक काम बाकी ठेवा. दाराची एक खिळखिळी बिजागरी असो, कुंपणाचा एक आडवा पडलेला खांब असो. आणि लोक कितीही हसले, तरी त्याला दुसरा हात लागू देऊ नका.