सरस्वतीचं मत

"या चिंबोऱ्या खाडीच्याच ना? नक्की?" सुमेधाताईंनी लांबूनच बोट दाखवलं.

"नाय, स्विमिंग पूलच्या," सरस्वती म्हणाली. "बोट लांबच ठेवा हां ताई, धरंल."

ठाकुर्ली स्टेशनबाहेर तिच्या पाटीभोवती रोज सकाळी असा दरबार भरायचा. सरस्वती कोपरीची कोळीण. नवरा दामाजी खाडीच्या चिखलात हात घालून जे काढील ते ती इथे विकायची. आज मात्र गिऱ्हाइकांना मासळीपेक्षा खाडीवरच बोलायचं होतं. कोपरीजवळचा पट्टा पक्ष्यांसाठी आणि माशांच्या पिल्लांसाठी राखायचा, तिथे कुणी उतरायचं नाही, असं घाटत होतं. दुपारी जनसुनावणी होती.

सुमेधाताईंचं मत: बंद व्हायलाच हवा पट्टा. फ्लेमिंगो काय गोड दिसतात! चार द्या, भरलेल्या बघून.

रिक्षावाल्या साईनाथचं मत: आपल्याला काय? वास तेवढा बंद करा.

खुद्द फ्लेमिंगोंचं मत: नोंदवता आलं नाही. मंडळी मान खाली घालून जेवत होती.

सरस्वतीचं मत कोळीवाड्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. विरोधात तीच बोलणार. तिच्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा? "काकी, तू नुसती उभी राहा, सगळे गार पडतील," असं पुतण्या सुदेशने सांगितलं होतं. सुदेश मानपाड्याला कंपनीत सुपरवायझर. त्याचं खाडीप्रेम रविवारी उतू जायचं.

आणि खरं मत? ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या अमावास्येला दामाजी कमरेपर्यंत चिखलात रुतला. पुलाच्या कामावरच्या मजुरांनी दोर टाकून काढला. हा बाबा हसत घरी आला, मुठीत निवट्या, चिखलातले ते निसटते मासे, तशाच वळवळत. "धरलेलं सोडायचं नसतंय," म्हणे. तेव्हापासून सरस्वती मनात म्हणत होती, होऊ दे एकदाचा पट्टा बंद. बायकोचं नाही, निदान सरकारचं तरी ऐकेल. बोलायचं, पण आज जरा हळू बोलायचं.

सभागृहात तिला हळूही बोलावं लागलं नाही. "खाडी आमची!" म्हणून सुदेशनेच छप्पर डोक्यावर घेतलं, आणि मागून पन्नास गळे. पुढच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून दामाजी बसला होता.

दीप्ती मॅडम या अधिकारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जे पिढीजात खाडीत उतरतात, त्यांना सूट देता येईल. सध्या कोण कोण उतरतं? हात वर करा."

पन्नास माना खाली गेल्या.

"आधी जायचो आम्ही..."

"माझा बाबा जायचा."

सुदेशला तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

वर एकच हात होता. दामाजीचा. नखांत चिखल.

"एकच?" मॅडमनी विचारलं. स्वर खोचक नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "एका माणसासाठी वेगळा नियम करणं जरा कठीण आहे हो काका."

म्हणजे झालं. सरस्वतीने आता नुसतं गप्प बसायचं होतं. उद्यापासून माणूस घरात, सुखरूप.

दामाजीने हात खाली घेतला नाही. मागे वळून त्याने सभागृहभर पाहिलं. रांगेमागून रांग, ओळखीची तोंडं, आणि कुणीच त्याच्याकडे बघेना.

"मी बी," सरस्वती म्हणाली. तिचा हात वर गेला होता.

"तू?" दामाजी चाट पडला. "तू कवा गेलीस गो? लगीन झाल्यापासून चिखलात पाय नाय घातलास!"

"उद्यापासून येतंय. तुना ओढून काढाला कोन तरी नको कं?"

सभागृह खदखदून हसलं. मॅडमही हसल्या, आणि पेन उघडून म्हणाल्या, "नाव सांगा मावशी."

"साडी वर खोचून ये," दामाजी खालच्या आवाजात म्हणाला. "आनि तोंड बंद ठेवायचं. निवट्या पलतान."

"बघू," सरस्वती म्हणाली.

नावं लिहून झाली, सभा पुढच्या मुद्द्यावर गेली, तरी दामाजीचा हात वरच होता. शेवटी तिनेच तो धरून हळूच खाली घेतला.