देवाला न चालणारं फूल

सोमवारी सकाळी साडेसहाला तेलंगणातल्या सोनखेडी ग्रामपंचायतीसमोरचा फुलांचा वाफा खुडलेला आढळला. रोपं उपटलेली नव्हती, खुरांचे ठसे नव्हते. कोवळे शेंडे नखानं नीट खुडून नेले होते आणि बोटभर उंचीचे बुडखे मागं ठेवले होते. हाच वाफा पाहायला तालुक्याचे, म्हणजे मंडल परिषदेचे साहेब अकरा वाजता येणार होते.

पंचायत सेक्रेटरी प्रणिता हेल्मेट न काढताच वाफ्यापुढं उभी राहिली. गावचा डांबरी रस्ता तिथूनच वळतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला पंचायतीची पाटी दिसावी आणि पाटीखाली रंग दिसावेत, अशी साहेबांची इच्छा होती. इच्छा पुरी झाली नाही म्हणून दोन मेमो येऊन गेले होते. तिसरा आला तर बदली, आणि बदली म्हणजे इंद्रवेल्लीच्या पलीकडचं जंगलातलं गाव, हे साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं. प्रणिता त्या गावी आधी राहून आली होती. तेव्हा नवरा अमरदीप बोथ गावात शिक्षक, मुलगी भैंश्याला आजीकडं आणि ती स्वतः एका भाड्याच्या खोलीत. सुट्टीत भेटायला गेली की मुलगी तिच्याशी दिवसभर खेळायची आणि झोपायच्या वेळी आजीकडं जायची. आता ती आईजवळ झोपू लागली होती. प्रणिताला वाफा हवा होता तो एवढ्यासाठी. फुलांची तिला फारशी आवड नव्हती.

सोनखेडीत फूल तोडणं हा गुन्हा नाही. पहाटे पिशवी घेऊन निघायचं. फांदी कुंपणाबाहेर आली असेल तर फूल आपलं, आणि हात कुंपणाच्या आत पोचत असेल तर आतलंही आपलं. देवाच्या नावानं तोडलेल्या फुलाबद्दल कुणी बोलत नाही. बोललं तर पाप बोलणाऱ्याला लागतं.

पहिला वाफा कोंबड्याच्या फुलांचा होता. तो दसऱ्याआधीच्या बतुकम्माच्या सणात गेला. बायकांनी रचलेल्या फुलांच्या ढिगाभोवती प्रणितानंही फेर धरला आणि दुसऱ्या फेरात तिला तिची फुलं ओळखू आली. दुसरा वाफा झेंडूचा. निम्मा संक्रांतीला गावातल्या देवांना गेला, उरलेला माघ पौर्णिमेला विहारात. विहारातला वाटा प्रणिताच्या सासूनं, भागीरथाबाईंनी, स्वतः तोडला होता.

"घरी एक बी नाई आनलं," त्या म्हणाल्या. "बुद्धापुढं ठेवलं. त्यांनी काई मेमो नाई देल्ला."

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी प्रणिता आदिलाबादच्या रस्त्यावर चंदनच्या नर्सरीत गेली.

"बुटकं पाहिजे, पाटी झाकली नाई पाहिजे," ती म्हणाली. "रंग भडक. दिवसभर ऊन हाय तिथं. आन् देवाले चालणारं नको."

चंदननं हातातला पाइप बंद केला. "मॅडम, लोक इथं उलटं विचारतात."

त्यानं सदाफुली दाखवली. ती उन्हाला भीत नाही, पण शुगरवाले पाल्यासकट नेतात. बुटका झिनिया दाखवला. तो शाळेच्या मुलींच्या वेणीत जाणार हे दोघांनाही माहीत होतं. गझानिया फार देखणं होतं, पण एप्रिल काढील याची हमी द्यायला चंदन तयार नव्हता. शेवटी त्यानं कोपऱ्यातले ट्रे ओढले. जाड, चपट्या पानांची, जमिनीला टेकून पसरलेली रोपं. राणी रंग, पिवळा, केशरी, पांढरा.

"ऑफिस टाइम म्हणतात याला. ऊन चढलं की उघडते, दुपारी मिटते. पहाटे पाहाल तर नुसतं गवत. तोडलं तर हातातच सुकते. हार होत नाई, वेणी होत नाई."

"आन् देव?"

"देवाची पूजा सात वाजता आटपते, मॅडम. तवा हे झोपेलच राह्यते."

प्रणितानं सगळे ट्रे घेतले.

लागवडीच्या दिवशी सोजरबाई वाफ्यापाशी येऊन उभी राहिली. सोजरबाईचं किराणा दुकान चौकात आहे आणि गावातल्या निम्म्या देव्हाऱ्यांत जाणारी फुलं तिच्या पिशवीतून वाटली जातात. असं काम तिला कुणी सांगितलेलं नाही. गावात तिच्याआधी कुणी उठत नाही, एवढंच.

"काय लावून राह्यल्या मॅडम?"

प्रणितानं रोप तिच्यापुढं धरलं. "काई नाई मावशी. घोळ हाय, घोळ."

सोजरबाईनं पान बोटांत दाबून पाहिलं. पान घोळीच्या भाजीसारखंच होतं, देठही तसाच लाल. "सरकारले आता भाजी खावी वाटून राह्यली का?" असं म्हणून ती निघून गेली.

महिनाभर वाफ्याला कुणी हात लावला नाही. दहा वाजता तो असा उघडायचा की बसमधली माणसं माना वळवायची. सोजरबाईनंही ते पाहिलं. घोळीला फूल येतंच, सरकारी घोळीला मोठं येत असेल, असं तिनं दुकानात बसलेल्यांना सांगितलं. प्रणितानं साहेबांना फोटो पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला आणि सोमवारचं येणं कळवलं.

तर सोमवारी सकाळी प्रणिता थेट सोजरबाईच्या दुकानात गेली.

"मावशी, वाफा काऊन खुडला?"

"फुलाले म्या हात बी नाई लावला," सोजरबाई म्हणाली. "इमानानं सांगतो. अंधार होता, एक बी फूल उघडं नव्हतं. नुसती भाजी घेतली."

"भाजी नाई ते. फुलझाड हाय."

"तुमीच म्हनलं ना घोळ हाय म्हनून. आता फुलझाड म्हनता. येक काई ते ठरवा." सोजरबाईनं तराजू पुसला. "आन् म्या काई माह्या घरी नेली नाई. सरपंचबाईनं सांगितलं, साहेब जेवाले येनार, त्याईले घोळीची दाळ लई आवडते, कुठून बी आन. ह्या उनात घोळ कुठं भेटते? सरकारची होती, सरकारच्याच पोटात चालली."

सरपंच जयवंताबाईंच्या घरी प्रणिता पोचली तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

"बाई, उतरवा ते."

"आता काय उतरवू? शिजली," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी तिला बसायला पाट दिला आणि चहा ठेवला. "साहेबाले वाफा तुमी दाखवा, जेवन मी दाखवतो. कोनतं याद राह्यते पाहू."

साहेब अकराऐवजी एक वाजता आले आणि आधी जेवायला बसले. घोळीच्या दाळीला तेलुगूत गंगवायिली पप्पू म्हणत त्यांनी ती तीनदा घेतली. त्यांच्या आईनंतर अशी दाळ खाल्ली नव्हती, असं त्यांनी तेलुगूत ड्रायव्हरला सांगितलं आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत.

अडीचला ते वाफ्यापुढं उभे होते. फोनमधला फोटो त्यांनी वाफ्याच्या बाजूला धरून पाहिला.

"फूल कहाँ हैं?"

प्रणितानं रात्रीच्या वाऱ्याचं एक कारण तयार ठेवलं होतं. ते तिला सांगवेना.

"सर, आपने खाए," ती म्हणाली.

जयवंताबाई खोकल्या. ड्रायव्हर गाडीच्या पलीकडं गेला. साहेबांनी एक बुडखा वाकून तोडला, वास घेतला, चावला आणि बराच वेळ चावत राहिले. मग पंधरा दिवसांनी परत येतो, तेव्हा मला इथं रंग दिसले पाहिजेत, असं म्हणून ते गाडीत बसले. बुडखा त्यांच्या हातातच होता.

ही जात खुडली की अधिक फुटते, असं चंदननं फोनवर सांगितलं. ते खरं निघालं. गुरुवारपर्यंत प्रत्येक बुडख्याला तीन-चार फुटवे आले होते. प्रणितानं वाफ्याभोवती बाभळीची काटी लावली आणि सोजरबाईला बोलावून रोपाचं खरं नाव सांगितलं. सोजरबाईनं ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या ड्रायव्हरचा फोन आला. साहेबांच्या घरी पाहुणे येत आहेत, रविवारी एक पिशवी भाजी पाठवा. बाजारातली नको, तीच लाल देठाची. साहेबांच्या घरच्या मॅडमनी स्वतः सांगितलंय.

पिशवी भरायची तर सगळे नवे फुटवे खुडावे लागणार होते, आणि रंग दाखवायचे तर एकही खुडून चालणार नव्हता. तिसरा मेमो आलेला नव्हता. बदल्यांची यादी निघालेली नव्हती. प्रणितानं ड्रायव्हरला संध्याकाळी कळवते असं सांगितलं. शनिवार दुपारपर्यंत तिनं काही कळवलेलं नव्हतं.