मागून येणारं पांढरं शीड

मित्रांनो, शाळेतून येताना ज्या लाकडी पाठीवर दप्तरं टाकून तुम्ही गप्पा मारत बसता, ती पाठ माझी आहे. मी एक जुनी शिडाची होडी आहे. उपडी पडले आहे, म्हणून तुम्ही मला ओळखलं नसेल. आज घाई नसेल तर थोडं ऐका. माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मला एका तापट सुताराने घडवलं. प्रत्येक फळी तो कानाशी धरून बोटाने वाजवून बघायचा, आणि आवाज पसंत पडला नाही की शिव्या घालत अंगणात भिरकावून द्यायचा. फळ्यांमधल्या फटी त्याच्या बायकोने सूत ठासून बुजवल्या. मी पाण्यात उतरले तेव्हा तो म्हणाला, "चला, हिची कटकट संपली." आणि दिवसभर धक्क्यावरून हलला नाही.

माझा पहिला मालक हौशी होता. पण हौस दोन वर्षांत फिटली आणि मी एका पडवीत जाऊन पडले. तिथे मी अकरा वर्षं होते. एका कोंबडीने माझ्या सुकाणूपाशी अंडी उबवली. त्या अकरा वर्षांत माझ्यातून बाहेर निघाली ती फक्त तिची पिल्लं.

मग एक जोडपं आलं. ती इस्पितळातून नुकतीच निवृत्त झालेली नर्स होती. तो घड्याळं दुरुस्त करायचा. तिचं बालपण वडिलांच्या होडीत गेलेलं, तर त्याला उभ्या जन्मात पोहता आलं नव्हतं. दोघांनी मिळून दोन वर्षं माझा जुना रंग खरवडला. नर्सबाईंनी विटकरी रंगाचं नवं शीड शिवून घेतलं. घड्याळजींनी माझ्यात एक छोटं इंजिन आणि माझ्या मागच्या टोकाला एक पातं बसवलं. वारा फिरला की ते पातं फिरायचं आणि दोरीने सुकाणूलाही वळवायचं. त्यामुळे सुकाणूवर माणूस नसला तरी मी नीट चालायचे.

"आई, या वयात?" त्यांची मुलगी म्हणाली होती.

"या वयात नाही तर कधी? तुझी मुलं सांभाळून झाल्यावर?" नर्सबाई म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि रोज संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, असा बेत होता. पहिले तीन दिवस फार सुखाचे गेले. घड्याळजींना उलट्या झाल्या, पण त्याही ठरल्या वेळी. स्वयंपाक तेच करायचे. नर्सबाई सुकाणूवर बसून त्यांना हसायच्या.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. बाहेरचं मला माझ्या माणसांच्या बोलण्यातून कळतं. पण वजन मला कळतं. कोण कुठे बसलं, कोण या कुशीवरून त्या कुशीवर वळलं, हे होडीला लगेच समजतं. हे ध्यानात ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी घड्याळजी म्हणाले, "अगं, मागे एक पांढरं शीड आहे बघ."

"असू दे की. समुद्र काय आपल्या एकट्याचा आहे?"

दुपारीही ते शीड तिथेच होतं. ना जवळ आलेलं, ना मागे पडलेलं. आम्ही खडक टाळायला बाहेरून वळसा घेतला, तर त्यानेही घेतला. घड्याळजींनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"सुकाणूवर कुणी नाहीये," ते म्हणाले.

"आत असतील."

"सकाळपासून?"

"अहो, त्यांच्याकडेही तुमच्यासारखं पातं असेल. वारा एक, वाट एक, मग होडीही सारखीच चालणार."

हे पटण्यासारखं होतं. घड्याळजींना पटलंही. संध्याकाळी आम्ही खाडीत शिरून नांगर टाकला. पांढरं शीड आत आलं नाही. खाडीच्या तोंडाबाहेर ते उभं राहिलं. सकाळी दोघं बाहेर येऊन पाहतात, तर ते तिथेच.

"त्यांनीही नांगर टाकला असेल," या वेळी घड्याळजी म्हणाले.

नर्सबाईंनी नकाशा उघडला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे टाकला असेल? इथलं पाणी किती खोल आहे बघा. आपले सगळे दोर जोडले तरी नांगर तळाला लागणार नाही."

पाचवा दिवस तसाच गेला. दोघांचं हसणं थांबलं. ते मागे बघायचं टाळत होते, पण सारखे मागेच बघत होते. नर्सबाईंनी तीनदा भोंगा वाजवला. उत्तर आलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी वारा पडला. पातळ धुकं उतरलं. पाणी इतकं निपचित झालं की माझ्या तळाला जराशी हालचालसुद्धा जाणवेना. पांढऱ्या शिडाची होडीही थांबली. आता ती हाकेच्या अंतरावर होती आणि तिचं तोंड आमच्याकडे होतं.

आणि मग मला पाण्यातून एक आवाज जाणवला. टक, टक, टक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक, टक, टक.

थोड्या वेळाने तो त्या दोघांनाही ऐकू आला.

"कप्पी सुटली असेल. डोलकाठीवर आपटते आहे," घड्याळजी पुटपुटले. "आपण इंजिन लावू आणि निघू. ऐक माझं."

नर्सबाई उभ्या राहून मोजत होत्या. "अहो, पाणी हलत नाहीये. मग कप्पी कशाने आपटेल? आणि कप्पी तीनच ठोके देऊन दम खायला थांबते का?"

"मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. वल्हं घ्या."

दोघांनी मला वल्ह्यांनी तिच्याकडे नेलं. तिची कूस माझ्या कुशीला लागली आणि दोर बांधला गेला, तेव्हा मला तिचं वजन कळलं. ती मागच्या बाजूने चार बोटं दबलेली होती. मित्रांनो, एखादा भरभक्कम माणूस सुकाणूवर बसला की होडी बरोबर तेवढीच दबते. आणि तिथे कुणीही नव्हतं. माझी दोन्ही माणसं त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"कुणी आहे का?" नर्सबाईंनी हाक मारली.

टक, टक, टक.

त्या तिच्यावर चढल्या आणि खाली आतल्या खोलीत उतरल्या. तिथे शिडीच्या पायथ्याशी एक म्हातारी बाई पडलेली होती. पाय गुडघ्याखाली मोडलेला, ओठ फुटलेले, हातात चमचा. ती त्या चमच्याने लाकडावर ठोकत होती.

"मावशी, घाबरू नका. मी नर्स आहे. हळूहळू पाणी प्या. एकदम नाही."

दोन घोट पोटात गेल्यावर ती बोलली. "थांबलात बाई तुम्ही. हे म्हणालेच होते, विटकरी शीडवाले थांबतील."

"हे म्हणजे कोण?"

"आमचे हे. वर आहेत ना सुकाणूवर. मी पडल्यापासून जागचे हलले नाहीत."

नर्सबाईंनी वर पाहिलं. वर घड्याळजी एकटे उभे होते, आणि त्यांच्या हातात एक तुटलेली दोरी होती. त्या होडीच्या मागच्या टोकालाही आमच्यासारखंच पातं होतं. पण पात्यापासून सुकाणूपर्यंतची दोरी केव्हाच तुटलेली होती. टोकं उन्हाने पांढरी पडून पिंजली होती.

"ही वर्षभर तरी तुटलेली असेल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मग या होडीला वळवत कोण होतं?"

नर्सबाईंनी एक फळी मागितली, ती मावशींच्या पायाला लावून चादरीच्या पट्ट्यांनी बांधला, आणि दोघांनी मिळून मावशींना उचलून माझ्यात आणलं. मावशींचं वजन माझ्यावर टेकलं मात्र, त्या होडीचं मागचं टोक हळूहळू वर आलं. आधी एक बोट, मग दोन, मग चारही. कुणीतरी खात्री करून घेऊन, मग गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसं. त्यानंतर ती रिकाम्या टोपलीसारखी हलकी झाली. इंजिन लावून मी तिला बंदरापर्यंत ओढत नेलं, पण मागे काही बांधलं आहे असं मला वाटलंच नाही.

बंदरात मावशींची मुलगी धावत आली. धक्क्यावर जाळी विणत बसलेला एक मच्छीमार उठून जवळ आला.

"ही होडी तीन दिवसांपूर्वीच पाहिली की आम्ही," तो म्हणाला. "आजोबा बसले होते मागे, निळी टोपी घालून. आम्ही हात केला, तर बघेनात. म्हटलं, म्हातारा तिरसट दिसतोय. गेलो पुढे."

मुलीचा चेहरा उतरला. "आई एकटीच निघाली होती. माझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "टोपी निळीच घालायचे."

मच्छीमाराने त्या होडीच्या रिकाम्या सुकाणूकडे पाहिलं. तो म्हणाला, "माणूस दिसला म्हणून हाक मारली नाही हो. माणूस दिसला म्हणून."

मावशींचा पाय पुढे जुळला. थोड्या लंगडत चालायच्या, पण चालायच्या. बऱ्या झाल्यावर एकदा त्या मला भेटायला आल्या आणि नर्सबाईंच्या शेजारी बसल्या. त्या पडल्यानंतर पाच बोटी जवळून गेल्या होत्या. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी चमचा वाजवला होता, आणि प्रत्येक वेळी आवाज लांब गेला होता.

"ते माझ्यासाठी बसून राहिले, आणि त्यांना बघूनच कुणी थांबलं नाही," मावशी म्हणाल्या. "मी खालून ओरडले त्यांना. म्हटलं, अहो, तुम्ही दिसताय म्हणून सगळे निघून जातायत."

"मग?" नर्सबाईंनी विचारलं.

"मग तुम्हाला दिसले का ते?"

नर्सबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "तेच. ऐकलं त्यांनी माझं."

त्यानंतर आम्ही अजून नऊ उन्हाळे समुद्रावर गेलो. मग घड्याळजींचे गुडघे दुखू लागले, नर्सबाईंची नजर अधू झाली आणि मला इथे आणून उपडं ठेवलं. पहिली काही वर्षं कुणीतरी तेल लावून जायचं. आता माझ्या फळ्यांतलं सूत निघालं आहे आणि तुम्ही ते ओढून ओढून गाठी मारता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जमलं तर पावसाळ्याआधी माझ्यावर एखादी ताडपत्री टाका, म्हणजे मी अजून थोडी टिकेन.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कुणाच्या दारात दिवा दिसतो, खिडकीत कुणी बसलेलं दिसतं, आणि आपण समजतो की सगळं ठीक आहे. मित्रांनो, माणूस दिसला तरी एकदा हाक मारा. उत्तर आलं नाही, तर पुढे जाऊ नका.